कोवळ्याला बोट दाखवू नये

आमच्या मळ्यात जे पिके ते सगळं विकायला जाई, फक्त प्रत्येक वेलावरचं एक फळ जात नसे. उजाडायच्या आत बाबा आणि मोठे बाबा बैलगाडीत वांग्यांच्या पाट्या, मेथीच्या जुड्या आणि ओल्या फडक्याखाली झाकलेला सांबार रचत. कोथिंबिरीला आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणतात. गाडी कारंज्याच्या बाजाराकडे वळायच्या आधी मोठी माय कंदील घेऊन येई आणि दोडक्यांच्या पाटीत कोपरापर्यंत हात घालून चाचपून पाही. “चिंधीवाला नाई नं तोडला कोनं?” मोठे बाबा बैलांच्या अंगावरची झूल काढता काढता रोज तेच म्हणत, “तोडला असता तं मी जित्ता राह्यलो असतो का?” मग बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब जाई आणि माझी माय चुलीवर चहाचं आधण ठेवी.

मोठे बाबा म्हणजे माझे मोठे काका, आणि मोठी माय त्यांची बायको. तिचं माहेर अनसिंगचं. घर आणि गुरं माझ्या मायकडे, मळा मोठ्या मायकडे, अशी वाटणी मला कळू लागायच्या आधीच होऊन गेली होती. तिला मूल नव्हतं. हे घरात कुणी बोलत नसे, आणि बाहेर सगळे बोलत. आम्हा भावंडांना तिनं इतकं अंगाखांद्यावर घेतलं होतं की मला बरीच वर्षं वाटे, प्रत्येक घरात एक माय आणि एक मोठी माय अशा दोन असतातच, जसे विहिरीवर मोटेला दोन बैल असतात.

बियाण्याचं फळ कुठलं हे ती ठरवी. वेलाचं पहिलं फळ मारुतीला जाई, कारण ते देवाचं. शेवटची फळं खुरटी, ती कामाची नसत. मधल्यातलं एखादं सरळ, भरलेलं, पानाआड नीट लोंबलेलं फळ ती हेरी आणि त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधी. चिंधी बांधली की ते फळ बाजाराचं राहत नसे, आमच्या तोंडचंही नसे. बाकीचे दोडके कोवळे असताना तोडले जात, आणि तो एक मात्र वेलावर जून होई, पिवळा पडे, मग तपकिरी, आणि शेवटी इतका हलका होई की वारा आला की हलू लागे आणि आतलं बी खुळखुळू लागे. दिवाळीच्या सुमाराला मळ्यात बसलं तर मोटेच्या चाकाचं कुरकुरणं, लांब कापसाच्या जिनाचा भोंगा, कधी कधी गावातल्या जैन मंदिरातली घंटा आणि या सगळ्यांच्या खाली ती बारीक खुळखुळ ऐकू येई. मोठी माय हातातलं खुरपं थांबवून मान तिरकी करून ऐकत राही. तयार झाला का, अजून ओला आहे, हे ती न तोडता सांगे.

या सगळ्याला एक नियम होता. कोवळ्या फळाकडे बोट दाखवायचं नाही. दाखवलं की ते कुजतं. दाखवायचंच असेल तर बोट दुमडून, मधल्या पेरानं दाखवायचं. हा नियम आम्ही बोलायला शिकायच्या आधी शिकलो असू. पाहुण्यांच्या एखाद्या पोरानं वेलाकडे सरळ बोट केलं तर आम्ही सगळी भावंडं एकदम ओरडत असू, आणि त्या पोराला आपलं काय चुकलं ते कळत नसे.

मी पाचसहा वर्षांची असताना शेजारच्या मळ्यात बारसं होतं. घुगऱ्या वाटून झाल्या होत्या, बायका पाळण्याभोवती बसल्या होत्या, बाळ एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर जात होतं. ते मोठ्या मायजवळ आलं तेव्हा कोपऱ्यातल्या एका बाईनं तिच्याकडे बोट केलं, चांगलं सरळ, लांबच्या लांब, आणि म्हणाली, “तिच्यापाशी नोको देऊ व.” बाळ तिच्या डोक्यावरून पलीकडे गेलं. मोठी माय हसली, पदर सारखा केला, आणि उरलेल्या घुगऱ्या माझ्या मुठीत दिल्या. त्या बाईच्या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही. मला कळलं ते बोट. मला वाटलं, आता मोठी माय कुजणार. पुढे कितीतरी दिवस मी तिच्याकडे चोरून पाहत असे, तिचे हात, तिची मान. ती कुजली नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारख्या गोष्टी न सांगण्याची सवय मला तेव्हापासूनच होती.

अशा घरातली मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत कशी गेली, ती कथा लांबलचक आहे आणि तिच्यात माझी काही करामत नाही. भाजी पोचवायला बाबा ज्या बंगल्यावर जात तिथल्या मडमेच्या मनात आलं, एवढंच. छोट्या रुळांच्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं अमरावती, आणि मग मुलींचं बोर्डिंग. तिथं उकडलेला बटाटा आणि पाव मिळे. पहिल्या वर्षी मी रात्री उशीत तोंड खुपसून जवसाच्या चटणीचा वास आठवत असे. घरी मी येणू होते. बोर्डिंगात मी वेणू झाले, म्हणजे खरं तर माझं खरं नाव मला तिथं मिळालं, पण हाक मारल्यावर वळायला मला क्षणभर उशीर होई.

शाळेत मी बोलत नसे. इंग्रजी येत होतं, लिहिताना चांगलं येत होतं, पण तोंड उघडलं की आतला मळा दिसेल असं काहीतरी वाटे. मॅट्रिकच्या वर्गात चढवण्याआधी एक तपासनीस बाई येत. प्रत्येक मुलीला उभी करून शिकवलेल्या एखाद्या उताऱ्यावर बोलायला लावत. जी बोलली ती वर गेली. त्याआधीच्या वर्षी मी उभी राहिले होते आणि थोड्या वेळानं तशीच बसले होते. त्यामुळे मी त्याच वर्गात दुसऱ्यांदा होते, माझ्यापेक्षा लहान मुलींच्या मध्ये, मागच्या बाकावर.

इंग्रजी शिकवायला मिस ॲबट होत्या. उंच, सडपातळ, केस पांढरे होऊ लागलेले. त्यांच्या खोलीच्या खिडकीत पितळेच्या तीन घंट्या होत्या आणि त्या कधी वाजवलेल्या मी ऐकल्या नाहीत. त्यांना वाचन शिकवण्याची एक रीत होती. त्या म्हणत, प्रत्येक शब्दाला वर्गात उभं करा आणि विचारा, तूच का आलास? तुझा भाऊ का नाही आला? ‘गेलं’ असं का लिहिलं, ‘संपलं’ असं का नाही? मला हे फार आवडे. मी मनातल्या मनात शब्दांना उभं करी आणि तेही माझ्यासारखेच गप्प उभे राहत. दुसरी गोष्ट त्या शिकवत ती प्रतीकाची. कादंबरीत वस्तू नुसती वस्तू नसते, ती आणखी कशाच्या तरी जागी बसलेली असते.

त्या वर्षी एका जुन्या इंग्रजी कादंबरीतला उतारा होता. एक प्रौढ, अविवाहित बाई आपल्या बागेत उभी आहे, थंडी सुरू होते आहे. मला तो अजून पाठ आहे. मराठीत साधारण असा होईल:

“बागेतलं सगळं गेलं होतं. सफरचंदं उतरवली गेली होती, कोबी कापला गेला होता, वाफे उघडे पडले होते. भिंतीच्या कडेला तिनं वालाची एक वेल मात्र ठेवली होती, आणि तिच्या काठीला निळ्या लोकरीचा तुकडा बांधला होता. शेंगा काळ्या पडून वाळल्या होत्या. वारा आला की त्या हलकेच वाजत. ती उभी राहून ऐकत असे, आणि घरात यायला तिला उशीर होई.”

मिस ॲबटनी फळ्यावर शब्द मांडले: काळ्या, वाळल्या, निळ्या, भिंत, उशीर. सगळे एकाच बाजूला पाहतात, त्या म्हणाल्या. निळा रंग थंडीचा. भिंत म्हणजे कोंडणं. उशीर म्हणजे आयुष्याला झालेला उशीर. वाळलेल्या शेंगा म्हणजे ती स्वतः. मग त्यांनी खाली एक शब्द लिहिला, ‘बॅरन’, आणि सांगितलं, की हा जमिनीलाही लागतो आणि मूल नसलेल्या बाईलाही. सुशीला नावाची वकिलाची मुलगी माझ्या पुढे बसे. तिनं लगेच हात वर करून पूर्ण वाक्यात सांगितलं, “वाळलेल्या शेंगा या बाईच्या वाया गेलेल्या, निष्फळ आयुष्याचं प्रतीक आहेत.” मिस ॲबट म्हणाल्या, “छान.” पण ते त्या फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या, आणि खडू पेटीत ठेवताना तो त्यांच्या हातून पडला. त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं हे वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्या शब्दाचं त्यांना काय वाटलं असेल हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. आता येतो, आणि बराच वेळ राहतो.

ते वाक्य आम्ही सगळ्यांनी पाठ केलं. तपासणीला तेच विचारतील असा अंदाज होता. मलाही ते न अडखळता येत होतं. पण मी ते मनात म्हणायला लागले की वाफे माझ्या ओळखीचे होत, काठी ओळखीची होई, आणि शेवटाकडच्या ‘निष्फळ’ या शब्दापाशी मोठी माय खुरपं घेऊन उभी असे.

दिवाळीला घरी आले. भरताची वांगी निघाली होती. बाहेर तुराट्यांच्या जाळावर माय वांगी भाजत होती, त्यात हिरव्या मिरच्या आणि कांद्याची पात पडली की सगळ्या अंगणात वास सुटे, आणि बाबा हात धुवायच्या आधीच पाटावर बसत. जेवता जेवता ते म्हणाले, “येणू, आसेगावचे लोक इचारून राह्यले. मुलगा बरा हाय, वावर हाय. मी म्हटलं, थांबा जराकसे.” मी भाकरीचा तुकडा मोडला. “एक साल आपन थांबलो. आता या खेपेस तुले वरच्या वर्गात घेतलं तं शिक, मी नाई म्हनत नाई. नाई घेतलं तं घरी ये. आनखी एक साल त्याच वर्गात बसवनं मले पटत नाई.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माय म्हणाली, “घेतीन तिले. काहून नाई घेतीन?” बाबा म्हणाले, “तोंड उघडलं तं घेतीन. घरी तं कुत्र्यालेही हाड म्हनत नाई ते.” सगळे हसले, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मोठी माय बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मी शेजारी बसून तिला काड्या देत होते. चिंधीवाला दोडका मांडवावर टांगलेला होता आणि अधूनमधून वाजत होता. ती म्हणाली, “काय शिकते व तू तिकडे? सांग नं एखादी गोष्ट.” मी तिला तो उतारा सांगितला, एकेक वाक्य मराठीत करून. ती हात न थांबवता ऐकत होती. लोकरीचा तुकडा आला तेव्हा तिचा हात थांबला.

“चिंधी बांधली?”

“हो.”

“मंग शहानी बाई हाय. लेकरं किती तिले?”

“नाहीत. लग्नच नाही झालेलं.”

“असं.” तिनं जुडी आवळली. “पन बी धरलं नं तिनं.”

मी पुढची काडी तिच्या हातात दिली.

“मंग तुमची मास्तरीन काय म्हनते? अर्थ काय याचा?”

मी हातातली काडी मोडून पाहत राहिले. ते वाक्य मला इंग्रजीत पाठ होतं, मराठीत ते माझ्यानं उच्चारवेना. मोठ्या मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढची जुडी उचलली. “राहू दे. कवा तरी सांगजो.”

परत जाताना छोट्या गाडीच्या खिडकीशी बसून मी ठरवलं, की ते वाक्य म्हणून टाकायचं. कुणाला काय कळणार आहे? मोठी माय अमरावतीला येऊन ऐकणार नाही. वर्ग मिळेल, आसेगाव टळेल. कापसाच्या गाड्या रस्त्यानं ओळीनं चालल्या होत्या, बाभळींना कापूस अडकला होता, आणि मी ते वाक्य गाडीच्या तालावर घोकत होते.

तपासनीस बाई थंडीत आल्या. त्या आपल्याकडच्याच, नऊवारी नव्हे, गोल साडी, खांद्यावर टाचण, चष्मा, आणि फार थकलेल्या. दोन वर्ग आधी तपासून आल्या होत्या. सुशीलानं ते वाक्य म्हटलं. तिच्या पुढचीनं तेच म्हटलं. तिच्याही पुढचीनं तेच, फक्त ‘निष्फळ’ आधी आणि ‘वाया गेलेल्या’ नंतर घेऊन. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. माझं नाव आलं तेव्हा मिस ॲबट खिडकीकडे पाहू लागल्या. गेल्या वर्षीही त्या तिकडेच पाहत होत्या.

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण बाईंनी ते विचारलंच नाही. त्या पुस्तक घेऊन माझ्या बाकापाशी आल्या, ते माझ्यापुढे ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, “मला ऐकून ऐकून कंटाळा आला. तू नुसतं दाखव. या उताऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द कुठला?”

मी ‘ठेवली’ या शब्दावर बोट नेलं. नेलं ते दुमडून, मधल्या पेरानं. मला ते कळलंही नाही. पुढच्या बाकावरची सुशीला वळून पाहत होती, ती फिसकन हसली.

“बोटाला लागलंय का?” बाईंनी विचारलं.

“नाही, मॅडम.”

“मग असं का धरलंस?”

शिकवलेल्या प्रश्नांची उत्तरं शिकवलेली होती. बोटाबद्दलचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं, ते माझंच होतं, आणि कदाचित म्हणूनच ते सरळ बाहेर आलं. मी म्हणाले, “आमच्या घरी बियाण्याच्या फळाला बोट दाखवत नाहीत. ते कुजतं.”

वर्ग मोठ्यानं हसला. बाईंनी नुसता हात वर केला आणि हसू थांबलं. “बियाणं? मला इथं वाळलेल्या शेंगा दिसतात.”

“बी वाळलेल्या शेंगेतच असतं, मॅडम.”

“ते शेतीचं झालं. मी साहित्य विचारते आहे. लेखकानं बी हा शब्द लिहिला आहे का?”

“नाही.”

“मग त्याच्या शब्दांतून दाखव. तुझ्या घरचं नको.”

आता मी बसले असते तर चाललं नसतं, कारण सुरुवात होऊन गेली होती. मी पुस्तकाकडे पाहत बोलले, माणसांकडे नाही. म्हणाले, आधीच्या वाक्यात सगळं आपोआप झालं आहे. गेलं होतं, उतरवली गेली होती, कापला गेला होता. कुणी केलं ते लिहिलेलंच नाही. इथं पहिल्यांदा ‘तिनं’ येतं. साऱ्या बागेत तिनं स्वतः केलेली ही एकच गोष्ट आहे. लेखक ‘उरली होती’ म्हणू शकला असता. त्यानं ‘ठेवली होती’ म्हटलं. आणि मग लोकर.

“निळा रंग थंडीचा,” सुशीला पुटपुटली.

“असेल,” मी म्हणाले. मी वर्गात कुणाला उत्तर दिल्याची ती पहिलीच वेळ. “पण विसरलेल्या वस्तूला कुणी खूण बांधत नाही. दुसऱ्या कुणी तोडू नये म्हणून बांधतात.”

“आणि आवाज?” बाई आता बाकाच्या कडेला टेकल्या होत्या. “शेंगा वाजतात, तो आवाज उदास नाही?”

“ती रडत नाही, मॅडम. ऐकते. तयार झालं का ते ऐकत असेल.”

“आणि उशीर? घरात यायला उशीर होतो, त्याचं काय?”

मला खरंच त्याचं काही सुचलं नव्हतं. म्हणून जे ठाऊक होतं ते सांगितलं. “मळ्यात गेलेल्या बाईला घरी यायला उशीर होतोच.”

पुन्हा सगळे हसले, पण हे हसू वेगळं होतं. बाईही हसल्या. मग त्या मिस ॲबटकडे वळल्या. “तुमचं काय म्हणणं?”

मिस ॲबट खिडकीतून वळल्या होत्या. त्यांनी पुढे येऊन माझ्यापुढचं पुस्तक उचललं आणि उभ्यानंच तो उतारा वाचला, जणू कधी पाहिला नव्हता. “मी तसं शिकवलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरी बाग नव्हती. कुंडीसुद्धा नव्हती.” मग पुन्हा पानाकडे पाहून, “मला ‘तिनं’ दिसलं नव्हतं.” पुस्तक त्यांनी परत दिलं ते उघडंच, त्याच पानावर. “बस, वेणू.”

मी वरच्या वर्गात गेले. बाबांना कळवलं तेव्हा त्यांनी आसेगावच्या लोकांना कसं आणि काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. बाजारातून येताना त्यांनी पेढे आणले आणि मायला म्हणाले, “उघडलं म्हने तोंड.” एवढं मला मायनं नंतर सांगितलं.

सुट्टी लागायच्या दिवशी मिस ॲबटनी मला ती कादंबरी दिली, त्यांची स्वतःची प्रत, सगळी, तो जाड ठोकळा. “पुढे काय होतं ते बघ,” म्हणाल्या. मी ती उन्हाळ्यात आंब्याखाली बसून वाचली. पुढे ती बाई आपल्या भाच्याकडे शहरात राहायला जाते. शेंगांचं नाव पुन्हा येत नाही. त्या पेरल्या की नाही, कुणाला दिल्या की नाही, काही नाही. मला फसवल्यासारखं वाटलं. आज, इतकी वर्षं मुलींना असेच उतारे शिकवून झाल्यावर, मला वाटतं मिस ॲबट सगळ्या चुकल्या नव्हत्या. काळ्या, वाळल्या, उशीर, हे शब्द तिथं होतेच, ते मी काही पुसले नाहीत. त्यांच्या शेजारी आणखी दोन शब्द उभे होते, इतकंच मी सांगितलं. दोन्ही बाजूंचे शब्द एकाच बागेत राहू शकतात हे समजायला मला पुष्कळ वय लागलं.

मिरगाच्या आधी बी द्यायचे दिवस आले. आजूबाजूच्या मळ्यांतल्या बायका मोठ्या मायकडे येत. बारशाच्या दिवशी बोट दाखवणारी ती बाईसुद्धा दरसाल येई, पदरात बी घेई आणि “तुह्या हातचं उगवते व बाई” असं म्हणून जाई. मोठी माय तिलाही इतरांइतकंच देई, वर दोन दाणे जास्त. त्या दुपारी ओसरीवर ती आढ्याला टांगलेले दोडके काढून फोडत होती. दोडक्याच्या टोकाला एक टोपण असतं, ते निघालं की काळं बी सुपात पडतं. मी तिला सगळं सांगितलं. या वेळी काही मागे ठेवलं नाही. वर्गात काय शिकवलं होतं, फळ्यावरचा तो शब्द, त्याचा अर्थ. तो सांगताना मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

सुपात बी पडत राहिलं. “मंग त्या वालाचं काय केलं तिनं?” तिनं विचारलं.

“पुस्तकात नाही. लिहिणारा विसरला.”

“घ्या! येवढा वाल सुकवला अन् पेरलाच नाई?” तिला याचंच जास्त वाईट वाटलेलं दिसलं. मग म्हणाली, “पन बोट काहून दुमडलं तू?”

“बियाण्याचं होतं ना.”

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि एकाएकी इतकी हसू लागली की सूप मांडीवरून खाली ठेवावं लागलं. “येडी पोट्टी! सुकला होता म्हनते नं वाल? काया पडला होता? अवं, बोट कवळ्याले नाई दाखवत! सुकल्याले काय होते? बोट दाखव, हात दाखव, काठी दाखव!” आतून मायनं विचारलं, “काय झालं व जाऊबाई?” तर तिला सांगताही येईना. “हे पोट्टी नं... इतके बुकं शिकली...” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून.

मीही हसले. आणि हसता हसता, कसं कोण जाणे, बारशाच्या दिवसाचं माझ्या तोंडून निघून गेलं. त्या बाईचं सरळ बोट, आणि मी मोठ्या मायचे हात आणि मान चोरून पाहत राहिल्याचं.

मोठी माय थांबली. पदरानं डोळे पुसले. तिला तो दिवस आठवत होता, ते मला दिसलं.

“तवा कवळी होती मी,” ती म्हणाली. “तवा लागलं.”

मग तिनं शेवटचा दोडका उचलला, टोपण काढायच्या आधी माझ्या कानापाशी आणला आणि जोरात हलवला. “आता दाखवू दे कोनाले दाखवाचं ते. सुकल्याले बोट दाखवलं तं कुजत नाई. वाजते. आयक.”

मी ऐकत राहिले. नंतर तिनं त्यातलं मूठभर बी एका चिंधीत बांधून माझ्यापुढे सरकवलं. “हे तुह्या मास्तरनीले दे. कुंडीतही लागते म्हनाव.”